थोरलीचा कॅमेरा, धाकटीचा कॅमेरा

माझी बायको जाऊन आठ महिने झाले होते. एका दुपारी तिची धाकटी बहीण दुकानात आली, स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "भाऊजी, खरं सांगायचं तर ताईचाच कॅमेरा चांगला होता."

माझी कात्री मध्येच थांबली. मी शिंपी आहे. कापड कापताना कात्री थांबवायची नसते, थांबली की कडेला दात पडतो. चाळीस वर्षांत माझ्याकडून असा दात पडला नव्हता. त्या दिवशी एका भल्या माणसाच्या पँटला पडला.

ती असं का म्हणाली आणि मला ते का झोंबलं, हे कळायला आधीची सहा वर्षं सांगायला हवीत.

सहा वर्षांपूर्वी दोघी बहिणींनी एकाच आठवड्यात छोटे कॅमेरे घेतले. दोन्ही काळे, दोन्ही खिशात मावणारे, लांबून जुळे वाटावेत असे. बायकोच्या कॅमेऱ्याला तीसपट झूम होता. धाकटीच्या कॅमेऱ्याला झूम जेमतेम तीनपट, पण आतला सेन्सर मोठा. सेन्सर म्हणजे काय ते मला धाकटीनेच समजावलं. भिंगातून आलेला उजेड ज्या चिपेवर पडतो ती चिप. ती जितकी मोठी तितका उजेड जास्त गोळा होतो, म्हणून अंधारातही फोटो स्वच्छ येतो. बायकोने तेव्हा विचारलं होतं की फोटो अंधारात काढायचाच कशाला, दिवा लावता येत नाही का. तिथून वाद सुरू झाला तो थांबलाच नाही.

बायको दुकानात काजं-बटणं करायची. हातात काम नसलं की दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभी राहायची आणि झूम लावायची. समोरच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलेला माणूस पेपर वाचायचा, आणि त्याच्या हातातला पेपर ही इथून वाचायची. त्याने पान उलटलं की हिचा जीव वरखाली, कारण हिची बातमी अर्धी राहिलेली असायची. रस्त्याच्या टोकाला नवा शिंपी आला तेव्हा त्याच्या काचेतल्या कोटाचा डावा खांदा ओढला जातोय, हे तिने मला गादीवरून न उठवता दाखवलं. धाकटी म्हणायची, ही फोटोग्राफी नाही, ही चहाडी आहे.

धाकटी दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. दिवसभर लोकांच्या दाढांचे एक्स-रे काढते, त्यामुळे घराण्यातली फोटोग्राफर आपणच, असं तिचं मत. तिचे फोटो देखणे असायचे, ते नाकारून चालणार नाही. मेणबत्तीच्या उजेडात मांजर काढायची, मिशीचा केस न केस मोजून घ्या. पण मांजराने जवळ यायला हवं. लांबचं काही हवं असेल तर चार पावलं चालत जावं, असं तिने सांगितलं की बायको म्हणायची, "मी का चालू? कॅमेरा चालेल."

या वादात मी एकदाच तोंड घातलं. धाकटीच्या माहितीपुस्तिकेत सेन्सर 'एक इंची' असं छापलं होतं. मागच्या पानावर त्याचं खरं माप मिलिमीटरमध्ये होतं. मी टेप लावून पाहिली. लांबी अर्ध्या इंचाच्या किंचित पुढे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं धरलं तरी इंच भरेना. असला इंच मी कुणाच्या कमरेला लावला असता तर त्या माणसाने पँट घालायच्या आधी माझं दुकान बंद केलं असतं. बायकोच्या कॅमेऱ्याचं माप अपूर्णांकात लिहिलेलं, पण तेही असंच फुगवलेलं. मापात पाप मला खपत नाही. मी दोन्ही सेन्सर बटणांत बसवून दाखवले: बायकोचा शर्टाच्या कॉलरच्या बटणाआड लपेल एवढा, धाकटीचा कोटाच्या बाहीवरच्या बटणाएवढा. दोघींना ते पटलं. मग दोघी मिळून मला हसल्या, आणि मी पुन्हा त्या भानगडीत पडलो नाही.

सहा वर्षांत धाकटीने एकदाही हार मानली नाही. हॉस्पिटलातसुद्धा नाही. शेवटच्या आठवड्यात ती बहिणीच्या उशाशी बसून सांगत होती की या खोलीतल्या असल्या मरतुकड्या उजेडात तुझा कॅमेरा फोटोभर नुसती दाणेदार वाळू दाखवेल. बायकोला बोलायला त्रास होत होता. तिने हातानेच "जा गं" केलं.

आणि आता ही स्टुलावर बसून म्हणते, ताईचाच चांगला होता.

ज्याच्याशी आपण भांडतो त्याला असं काही कुणी देऊन टाकत नाही. असं देऊन टाकतात ते मेलेल्या माणसाला. आठ महिने सगळे तेच करत होते. जे लोक बायकोला तोंडाळ म्हणायचे ते दुकानात येऊन सांगायचे की फार गोड बोलायच्या हो. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. पण धाकटीने हे करावं, हे मला सोसेना.

मी म्हणालो, असं चालणार नाही, दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवून तपासू. ती म्हणाली, राहू द्या ना आता. मी राहू दिलं नाही. खोटं कशाला सांगू, मला बायकोच जिंकायला हवी होती. पण दान मिळाल्यासारखी नाही. तपासून, खरीखुरी.

नियम मी केले. नऊ फोटो. तीन दुकानातले, एक दिवा ठेवून बाकीचे बंद करून. तीन बाहेरचे, भर उन्हात. तीन लांबचे, उंबऱ्यावरून पाय न हलवता. बायकोचा कॅमेरा मी चालवणार, धाकटीचा धाकटी. पंच म्हणून शेजारच्या दुकानातला घड्याळजी. त्याला दोन गोष्टींत रस नाही, कॅमेऱ्यात आणि माणसांत. डोळ्याला भिंग लावतो आणि दिसेल ते सांगतो. मागे एकदा त्याने मला सांगितलं होतं की माझ्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा मनगटाची अवस्था वाईट आहे.

रविवारी धाकटी आली. मी काळ्या कापडावर काळा कोट मांडून ठेवला होता. काळ्यावरची काळी शिवण दिसली तर डोळा चांगला, अशी आमच्या धंद्यातली परीक्षा. मग टाचण्यांची उशी, मग रिळांची फळी. बायकोचा कॅमेरा मी चालू केला. इतके महिने बॅटरी मेलेली, त्यामुळे त्याने आधी आजची तारीख विचारली. ती घालायला मला जरा वेळ लागला. धाकटीने तेवढ्यात रिळं नीट लावली, जी नीटच होती.

फोटो काढायला लागलो तर धाकटीचा हात थरथरतोय. या बाईचा हात हलत नाही. हलणाऱ्यांना ही दटावते, तो तिच्या पगाराचा भाग आहे. मी निरखून पाहिलं तर भिंगाच्या कोपऱ्यावर हिचं बोट. बोट काढ म्हणालो. लक्ष नव्हतं म्हणाली. पुढच्या फोटोआधी तिने भिंगावर हळूच श्वास सोडला, चष्मा पुसताना सोडतात तसा. तिचे ब्लाउज मी शिवतो, ती श्वास कुठे घेते आणि कुठे सोडते हे मला टेपेवर पाठ आहे. मी सांगितलं की मुद्दाम हरायचं असेल तर तुझा कॅमेरा मी घड्याळजीच्या हातात देईन, आणि तो सरळ उघडून बघेल. त्यानंतर ती सरळ वागली.

उन्हात आम्ही फुलाची कुंडी काढली, सायकलींची रांग काढली, आणि सलूनमधून नुकताच दाढी करून निघालेला एक माणूस काढला. दोन-दोन कॅमेरे रोखलेले पाहून तो बावरला. धाकटीने सवयीने त्याला "आ करा" म्हटलं, आणि त्याने केला. आमचे दोन्ही फोटो होईपर्यंत तो आ करून उभा राहिला, आणि जाताना तिचे आभारही मानले.

लांबचे तीन होते पाण्याच्या टाकीवरचं कबूतर, नव्या शिंप्याच्या काचेतला कोट, आणि पलीकडच्या उंच इमारतीवरचं घड्याळ. घड्याळ मी डाव साधून निवडलं होतं. पंच घड्याळजी असला तर घड्याळावर त्याचा जीव जडणारच, आणि तीसपट झूममध्ये ते ताटाएवढं दिसेल. मी उंबऱ्यावर छाती काढून उभा राहिलो आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने दवाखान्यात जाता जाता फोटो छापायला दिले आणि येताना आणले. अठरा फोटो, आणि त्यात एक अडचण निघाली. तिचे फोटो कागदभर होते. बायकोच्या फोटोंना दोन्ही बाजूंनी पांढरी पट्टी राहिली होती, कारण दोन कॅमेऱ्यांच्या चौकटींचा आकार वेगळा. पंचाला लगेच दोन गट कळले असते. म्हणून मी सगळे फोटो कापून एका मापात आणले. आता दिसायला सारखे झाले. मग आपल्याला तरी ओळखता यावेत म्हणून पाठीवर निळ्या खडूने खुणा केल्या, बायकोच्या फोटोंवर फुली, धाकटीच्या फोटोंवर गोल.

इथवर सगळं ठीक होतं. पण छापणाऱ्याने फोटो गुंडाळून दिले होते आणि ते पापुद्र्यासारखे वळले होते. माझ्या दुकानातून इस्त्री न केलेली वस्तू आजवर बाहेर गेलेली नाही. मी एकेक फोटो पालथा घातला, वर कापड ठेवलं, आणि मंद इस्त्री फिरवली. एकदम सपाट झाले. मला फार बरं वाटलं.

घड्याळजी संध्याकाळी दुकान बंद करून आला. मी एकेक जोडी पुढे ठेवली. तो भिंगातून बघायचा आणि त्यातला एक डावीकडे सरकवायचा, बस. दहा मिनिटांत डावीकडे नऊ जिंकलेले, उजवीकडे नऊ हरलेले. धाकटी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी जिंकलेल्यांतला पहिला फोटो उलटा केला.

पाठ कोरी. दुसरा उलटा केला, कोरी. अठराच्या अठरा पाठी धुतल्यासारख्या स्वच्छ.

मी भारी कापडावर जो खडू वापरतो तो इस्त्रीच्या उष्णतेने उडून जातो. उडावा म्हणूनच तो घेतलेला असतो. चाळीस वर्षं मी रोज तो खडू इस्त्रीने उडवतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, बघा, खूणसुद्धा राहिली नाही. धाकटीला हे सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. घड्याळजीने विचारलं की हे मुद्दाम केलं का. नाही म्हटल्यावर त्याने डोळ्याचं भिंग काढून एकदा साध्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

लांबचे तीन ओळखायला सोपे होते. ज्यात वस्तू मोठी तो बायकोचा. कबूतर तिचं जिंकलं, त्याच्या पायातली गुलाबी रिंगसुद्धा दिसत होती. कोटही तिचा जिंकला. घड्याळ मात्र हरलं होतं. घड्याळजी म्हणाला, छोट्या फोटोत भिंग लावलं की दोन वाजून सात मिनिटं स्पष्ट दिसतात, आणि या मोठ्या फोटोत घड्याळाला सहा काटे आहेत.

माझा हात हलला होता. तीसपट झूम लावला की छातीचा ठोकासुद्धा फोटोत येतो. म्हणून ती चौकटीला खांदा टेकायची. मला वाटायचं, आळसाने टेकते.

राहिले सहा फोटो. ते कुणाचे ते कळेना. तेवढ्यात धाकटीने जिंकलेल्या फोटोंवर बोट ठेवलं आणि शांतपणे सांगून टाकलं, हा ताईचा, हाही ताईचा, हाही. सहाच्या सहा. म्हणजे एकूण आठ-एक.

आठ-एक. आकडा छान होता. कॅमेरे शेजारच्या खणात होते आणि फोटो अजून त्यांच्या पोटात होते, हे मला ठाऊक होतं. धाकटीलाही ठाऊक होतं. आम्ही दोघंही खणाकडे बघत नव्हतो. मी मान हलवली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. बायको जिंकली, धाकटी हरली, चहा घेऊन जो तो आपापल्या घरी.

पण आठ-एकने बायको आयुष्यात काही जिंकली नव्हती. ती जिंकायची ती थोडक्यात, आणि ओरडून. मी खण उघडला.

धाकटी म्हणाली, भाऊजी, कशाला. मी कॅमेरे चालू करून घड्याळजीपुढे ठेवले. तो एकेक छापील फोटो दोन्ही पडद्यांशी ताडून बघायला लागला. सावलीचं टोक कुठे, सायकलीचं पेडल कुठे, आ केलेल्या माणसाची मान किती वळली. या कामात मात्र त्याला रस आला.

आ केलेला माणूस बायकोचा निघाला. सायकली धाकटीच्या. मग कुंडी. जिंकलेली कुंडी बायकोची होती, फूल, फाटक, मागची भिंत, सगळं लख्ख. धाकटीच्या फोटोत फूल सुरेख होतं, पण मागचं फाटक धुरकट. घड्याळजी म्हणाला, "हे फाटक कुणी पुसलं? अर्धं काम करून सोडलंय."

धाकटी स्टुलावरून उठली. आठ महिन्यांत ती स्टुलावरून अशी उठली नव्हती. तिने त्याला ऐकवलं की मागचं असं धुरकट व्हावं म्हणूनच लोक मोठा सेन्सर घेतात, याला सौंदर्य म्हणतात, आणि ते फुटक्या भिंगातून दिसत नसतं. घड्याळजी म्हणाला, धुरकट बघायचं असेल तर लोकांनी चष्मा काढावा, स्वस्त पडेल. ती आणखी काही बोलणार होती, पण माझ्याकडे लक्ष गेलं आणि खाली बसली.

आता बायकोचे चार झाले होते, धाकटीचे दोन. राहिले अंधारातले तीन. मला फक्त एक हवा होता. टाचण्यांची उशी धाकटीची. रिळं धाकटीची. काळ्या कोटाच्या दोन्ही फोटोंवर घड्याळजीने बराच वेळ भिंग धरलं. एकात काळ्यावरची काळी शिवण टाक्यागणिक दिसत होती. दुसऱ्यात कोटावर कुणी वाळू ओतल्यासारखं होतं. पडदे बघायची गरज नव्हती, तरी त्याने पाहिले.

पाच-चार. धाकटीचा कॅमेरा जिंकला होता.

घड्याळजीने भिंग खिशात टाकलं आणि चहा नको म्हणून निघून गेला. दुकानात आम्ही दोघंच. धाकटी फोटोंकडे बघेना. हळू आवाजात म्हणाली की ते घड्याळाचं धरू नका, तुमचा हात हलला होता, ताईचा हलला नसता. म्हणजे ताईचे पाच आणि माझे चार. पुन्हा तेच दान, फक्त या वेळी मोजून.

मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलं आणि निघालं ते वेगळंच.

"काळ्यावर काळा कोट ठेवून अंधारात फोटो काढायचा," मी म्हणालो, "हे कुठल्या शहाण्याचं काम? दिवा लावता येत नाही का?"

हे माझं बोलणं नव्हतं. मी असं कुणाशी बोलत नाही, गिऱ्हाइकाशी तर नाहीच. धाकटीने मान वर केली. माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता रडते.

"कोट तुम्हीच निवडला होतात," ती म्हणाली.

"निवडला मी. पण तुझ्या बाजूचा नियम होता तो."

"नियमही तुमचे. पंचही तुमचा. घड्याळसुद्धा पंचाला लाच म्हणून ठेवलं होतंत, मला कळलं नाही असं वाटलं?"

"लाच चालली नाही ना, मग विषय संपला. पुन्हा काढू नऊ फोटो. सगळे लांबचे."

"का म्हणून? मी काय रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जाऊ?"

"जा की. तुझा कॅमेरा चालत नाही."

तिचा चेहरा लाल झाला. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायच्या आत ती टेबलावर हात आपटून बोलायला लागली होती. सेन्सर चौपट आहे, चौपट, दुर्बीण घेऊन लोकांचे पेपर वाचायला कॅमेरा कशाला लागतो, सहा वर्षं हेच सांगतेय, कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ. बाहेरून जाणारा एक माणूस थांबून आत डोकावला. मी त्याला दुकान बंद आहे अशी खूण केली.

"हरली ती हरली, भाऊजी," ती म्हणाली. "पाच-चार. सांगा तिला."

"सांगतो. ऐकणार नाही ती."

"तिने कधी ऐकलंय माझं," असं म्हणून धाकटीने नाक ओढलं, काळ्या कोटाचे दोन्ही फोटो माझ्या नाकासमोर धरले आणि मला पहिल्यापासून समजावायला लागली.